बेली पूल : सहा दिवसांत उभा राहतो, पण कशावर?

जून 2020 मध्ये उत्तराखंडातल्या मुनस्यारी-मिलम रस्त्यावरचा एक बेली पूल, म्हणजे सुटे लोखंडी तुकडे जोडून उभारलेला पूल, ट्रकसकट नाल्यात गेला. पुलाची ताकद 18 टनांची होती. ट्रक आणि त्यावर चढवलेलं खोदकामाचं यंत्र मिळून वजन 26 टन भरत होतं. सीमा सडक संघटनेनं, म्हणजे बीआरओनं, सहा दिवसांत तिथं 120 फुटांचा नवा पूल टाकला. पडला तोही बेली आणि सहा दिवसांत उभा राहिला तोही बेली. लडाख, हिमाचल, उत्तराखंडच्या सीमेकडच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या प्रत्येकाच्या चाकाखालून हा पूल गेलेला असतो, म्हणून हे सविस्तर परीक्षण.

मत आधीच सांगतो. डोंगरी रस्ता तुटल्यावर पहिल्या काही महिन्यांसाठी याच्या तोडीचं दुसरं काही नाही. पुढची दहा वर्षं तोच ठेवायचा असेल, तर मात्र पुलापेक्षा त्याच्या खालचा काठ, तुकडे जोडणाऱ्या पिना आणि तोंडावरची वजनाची पाटी यांच्याकडे जास्त बघावं लागतं. बेली आपणहून क्वचित मोडतो. बहुतेक वेळा या तिघांतलं एक काहीतरी आधी सुटलेलं असतं.

ब्रिटिश युद्धखात्यातल्या डोनल्ड बेली यांनी 1940-41 च्या सुमारास ही रचना केली आणि 1942 साली उत्तर आफ्रिकेत ती पहिल्यांदा लढाईत वापरली गेली. मूळ कल्पना इतकी साधी आहे की आजही तिच्यात फारसा बदल करावा लागलेला नाही. एकाच मापाची लोखंडी चौकट, म्हणजे पॅनल, हवी तितकी जोडत न्यायची. पॅनल 10 फूट लांब, 5 फूट उंच आणि वजनाला साधारण 260 किलो. आडव्या बारवर ते सहा माणसं उचलतात. एवढा तुकडा साध्या ट्रकमध्ये बसतो आणि कुठल्याही घाटातल्या वळणावरून वर जातो. हिमालयात हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. शंभर फुटी गर्डर लेहला न्यायचा म्हटलं तर अर्ध्या वळणांवर रस्ता आधी रुंद करावा लागेल. बेलीतला सर्वांत लांब नग म्हणजे ट्रान्सम, रस्त्याखालची आडवी तुळई, आणि तोही 18 ते 20 फुटांच्या आतच असतो.

आता जोडणीचं बघू, कारण खरेदीपासून देखभालीपर्यंत सगळं त्यावर ठरतं. एक पॅनल म्हणजे एक बे, दहा फुटांचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पॅनलांच्या भिंती उभ्या राहतात. एका बाजूला किती भिंती शेजारी-शेजारी आणि किती मजले एकावर एक, यावरून पुलाचं नाव पडतं. सिंगल-सिंगल म्हणजे एक भिंत, एक मजला. डीएस म्हणजे दोन भिंती, एक मजला. टीएस म्हणजे तीन भिंती, एक मजला. डीडी म्हणजे दोन भिंती, दोन मजले. मागे ‘आर’ असेल तर पॅनलांच्या वरच्या-खालच्या कॉर्डला, म्हणजे लांबीच्या दांड्यांना, जादा पट्टे बोल्टांनी कसलेले असतात. भिंतींच्या खालच्या कॉर्डवर आडवे ट्रान्सम बसतात, नेहमीच्या बांधणीत बेला दोन. ट्रान्समवर लांबीच्या दिशेनं स्ट्रिंगर, स्ट्रिंगरवर लाकडी फळ्या. या फळ्यांना चेस म्हणतात. कडेच्या स्ट्रिंगरवरच्या बटणांमुळे त्या जागच्या हलत नाहीत.

शंभर फुटांचा डीएस घ्या. त्याला 10 बे आणि 40 पॅनल लागतात. ट्रान्सम 20, शिवाय शेवटचा एक. अमेरिकन एम-2 पद्धतीत बेला 6 स्ट्रिंगर आणि 13 चेस, म्हणजे एकूण 60 आणि 130. पॅनलांच्या नुसत्या जोडांत 72 पिना जातात, चार टोकांच्या एंड पोस्टच्या, म्हणजे शेवटच्या उभ्या खांबांच्या, 16 वेगळ्या. असा पूल दर बेला साधारण तीन टन भरतो, म्हणजे गाडी चढायच्या आधीच तीस टन. ट्रक भरताना हा हिशेब कागदावर हवा. वरच्या साइटवर पोचल्यावर चार रेकर, म्हणजे पॅनलांना उभं धरणारे तिरपे दांडे, कमी पडले, तर ते खालून यायला दोन दिवस जातात.

पिनेकडे जरा जवळून बघा. पावणेदोन इंचांपेक्षा किंचित जाड, साधारण तीन किलो वजनाची, निमुळत्या तोंडाची पिन. तिच्या टोकाजवळ एक लहान आडवं भोक असतं आणि त्यात सेफ्टी पिन बसते. पिनेच्या डोक्यावर एक खाच असते. ती त्या भोकाच्या दिशेलाच कोरलेली असते. पिन आत ठोकली की भोक पलीकडे जातं, दिसत नाही. तेव्हा ही खाच पाहूनच कळतं की सेफ्टी पिन कोणत्या दिशेनं घालायची. घाईत खाच न बघता ठोकलेल्या पिनेचं भोक कॉर्डच्या आड जातं, सेफ्टी पिन बसत नाही आणि ‘नंतर घालू’ म्हणून तशीच राहते. पुढे रोज शंभर ट्रकांच्या थरथरीनं ती पिन केसाकेसानं बाहेर सरकत राहते. पूल ताब्यात घेणाऱ्या इंजिनिअरनं पहिलं काम करावं ते हे. दोन्ही बाजूंनी खालून चालत जायचं, प्रत्येक पिनेची सेफ्टी पिन बोटानं चाचपायची आणि पिनेच्या डोक्यावरून पॅनलवर खडूची एक रेघ ओढायची. महिन्यानं रेघ तुटलेली दिसली की पिन फिरली किंवा सरकली.

बांधणीचा क्रम ठरलेला आहे आणि तो मोडू नये. पॅनल लावा, पिना घाला, ट्रान्सम सरकवून क्लॅम्प हातानं बसवा, तळातले तिरपे स्वे ब्रेस घाला, रेकर लावा आणि मग सगळं एकदम कसा. एक जोड आधीच पक्का कसला तर पुढचा बोल्ट भोकात बसत नाही. मग माणसं पहारीनं ओढतात आणि पॅनल तिरकं होतं. रेकर हा लहानसा तिरपा दांडा ट्रान्समच्या टोकापासून पॅनलच्या वरच्या बाजूला जातो. बेलीला वर छत नसतं. वरचा कॉर्ड दाबाखाली असतो आणि बाजूला कलू पाहतो, त्याला उभं धरण्याचं काम रेकर करतो. ट्रकच्या धक्क्यानं वाकलेला रेकर काढून टाकलेला आणि परत न लावलेला पूल वरून अगदी धडधाकट दिसतो. त्यामुळेच आमच्या यादीत रेकर पिनेच्या खालोखाल येतो.

हिमालयातली खरी अडचण पूल पुढे ढकलताना येते. बेली खालून आधार न देता ढकलतात. काठाच्या टोकाला रॉकिंग रोलर, मागे 25-25 फुटांवर साधे रोलर, आणि पुलाच्या पुढे हलकी नाकासारखी चौकट. तिला लाँचिंग नोज म्हणतात. ती साधारण पुलाच्या निम्म्या लांबीहून थोडी जास्त ठेवतात. नोज पलीकडच्या रोलरवर टेकेपर्यंत सगळ्या वजनाचा तोल रॉकिंग रोलरच्या मागेच राहिला पाहिजे. पुढे लोंबणाऱ्या नोजचं तोंड खाली झुकतं, म्हणून तिच्या खालच्या कॉर्डच्या जोडात लिंक घालून तोंड वर उचलून धरतात. लिंक कुठल्या बेमध्ये घालायची ते तक्त्यावरून ठरतं. अंदाजानं घातली तर नोज समोरच्या रोलरखाली जाऊन धडकते.

या पद्धतीला काठामागे सरळ, मोकळी जागा लागते. सपाट मैदानात ती मिळते. डोंगरात रस्ता नाल्याच्या कुशीत शिरतो, पूल ओलांडतो आणि लगेच वळतो. शंभर फुटांच्या पुलाला मागे साठ-सत्तर फूट सरळ जागा नसते, तिथं डोंगराची भिंत असते. मग तीन वाटा उरतात. डोंगर फोडून जागा करायची, समोरच्या काठावरून ढकलायचा, किंवा थोडे बे जोडून, शेपटीवर वजन ठेवून, टप्प्याटप्प्यानं पुढे सरकवायचा. तिसरी वाट सर्वांत धोक्याची आणि सर्वांत जास्त वापरली जाणारी. तिच्यात दर बेनंतर तोलाचा हिशेब नव्यानं करावा. मागचं वजन नुसतं ठेवू नये, साखळीनं बांधावं. आणि ढकलताना पुलाखाली कुणालाही उभं राहू देऊ नये.

दोन रोलर आडव्या रेषेत समपातळीत आहेत का, ते पाण्याच्या नळीनं तपासावं. इंचभर फरक असला तरी पूल खालच्या बाजूला सरकत जातो. अर्ध्या वाटेवर तो सरळ करायला निम्मा दिवस मोडतो.

वेळ निवडणं हीसुद्धा अभियांत्रिकीच आहे. मनाली-लेह रस्त्यावरच्या झिंगझिंगबार-सरचू पट्ट्यातले नाले पहाटे गुडघाभर असतात आणि ऊन चढल्यावर वरचं बर्फ वितळून दुपारनंतर फुगतात. नोज पलीकडे टेकवायचं काम सकाळीच उरकावं. पुराची खूण घ्यायला मात्र संध्याकाळी जावं. सकाळच्या पाण्यावरून पुलाची उंची ठरवली की पहिल्याच उन्हाळ्यात तळाचे ट्रान्सम भिजतात. 14,000 फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. सहा माणसांच्या वाट्याला येणारे प्रत्येकी 43 किलो तिथं वेगळेच जाणवतात. दोन टोळ्या आळीपाळीनं ठेवाव्यात. हायड्रा क्रेन किंवा पोकलेन असेल तर पट्ट्यानं उचलावं. पोकलेनच्या बकेटचे दात कॉर्डमध्ये अडकवून पॅनल उचललेलं दिसलं, तर ते पॅनल बाजूला काढून सरळ दोरी लावून बघावं. वाकलेला कॉर्ड पुन्हा सरळ करून वापरण्यात अर्थ नाही.

आता काठ. आमच्या मते बेलीच्या आयुष्याचा निम्माअधिक निकाल इथेच लागतो. पूल चार कोपऱ्यांवर बसतो. तीस टनांचा पूल म्हणजे कोपऱ्याला साडेसात टन. त्यात 18 टनी गाडी एका टोकाशी आली की जवळपास सगळं वजन त्या टोकाच्या दोन कोपऱ्यांवर येतं, प्रत्येकी नऊच्या आसपास. एका बेस प्लेटखाली, म्हणजे कोपऱ्याखालच्या लोखंडी पाटाखाली, सोळा-सतरा टन. घाईच्या पुलात खाली असतं काय? तारेच्या जाळीचा क्रेट आणि त्यात नदीतले गोटे. गोल गोटे एकमेकांत अडकत नाहीत, धक्क्यानं बसत जातात, आणि क्रेटचं पोट बाहेर येतं. शक्य असेल तर फोडलेला, कोनेरी दगड भरावा. मोठे दगड बाहेरच्या बाजूला हातानं रचावेत, मध्ये आडव्या तारा ओढाव्यात. वर स्लीपरांचे दोन आडवे-उभे थर टाकून वजन पसरवावं. हंगाम असेल तर काँक्रीटची टोपी घालावी. पाच अंश सेल्सिअसच्या खाली सिमेंट फार हळू धरतं आणि ओलं काँक्रीट गोठलं की आतून फुसकं राहतं. म्हणून सप्टेंबर उलटल्यावर वरच्या भागात ओतलेल्या टोपीवर आम्ही विश्वास ठेवत नाही, तंबू आणि शेकोटी लावून राखली असेल तरच ठेवतो.

चारपैकी एक कोपरा खचला की पूल पिळवटतो. हे दिसतं कसं? गाडी चढताना समोरच्या तिरप्या कोपऱ्यात बेअरिंग, म्हणजे पूल ज्यावर टेकतो तो भाग, उचललं जातं आणि उतरली की ‘ठक’ करून बसतं. तो आवाज ऐकू आला की वाहतूक थांबवून जॅक लावावेत आणि खाली पॅकिंग घालावं. प्रवाहाच्या काठाबद्दल एक ठाम मत आहे. क्रेट पाण्यात ठेवून पूल आखूड करण्यापेक्षा एक बे वाढवावा. डीएस पुलात एका बेला चार पॅनल आणि तीन टन सामान जास्त लागतं, त्याबदल्यात पाया पुराच्या हाताबाहेर राहतो. फेब्रुवारी 2021 च्या ऋषिगंगेच्या पुरात रैणीचा पूल वाहून गेला. तिथं बीआरओनं महिन्याच्या आत 200 फुटांचा बेली टाकला. लांब बेली टाकायला न घाबरण्याचं हे चांगलं उदाहरण आहे.

थंडीचा एक हिशेब बरेचजण विसरतात. उन्हाळ्यातल्या 25 अंशांपासून हिवाळ्यातल्या उणे 30 पर्यंत शंभर फुटी लोखंड जवळपास 2 सेंटिमीटर आखूड होतं. बेअरिंग बेस प्लेटवर नुसतं टेकलेलं असतं, ते याचसाठी. तिथं वाळू, खडी आणि बर्फ साचून घट्ट बसलं की उन्हाळ्यात पूल काठाला ढकलायला लागतो. मे-जूनमध्ये रस्ता उघडताना चारही बेअरिंगं खराट्यानं साफ करणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. तेही करायला हवं.

पाटीवरचा क्लास, म्हणजे साधारण किती टनांची गाडी पूल पेलतो तो आकडा, हा सर्वांत कमी समजलेला भाग. 2018 च्या नव्या मर्यादेनुसार आपल्याकडे दोन ॲक्सलच्या ट्रकचं भरलेलं वजन 18.5 टनांपर्यंत आणि तीन ॲक्सलच्या ट्रकचं 28.5 टनांपर्यंत चालतं. म्हणजे क्लास 18 च्या पुलावरून आजचा साधा सहाचाकी ट्रकसुद्धा पूर्ण भरून जाऊ नये, आणि दहाचाकी टिप्पर तर नाहीच. वीस टनी पोकलेन ट्रेलरवर चढवला की क्लास 24 सुद्धा अपुरा पडतो. रस्त्याची गाडी बदलली आणि पूल तोच राहिला, हे या पुलांचं आजचं दुखणं आहे. अवजड यंत्र न्यायचं असेल तर ते ट्रेलरवरून उतरवावं, रिकामा ट्रेलर आधी पार करावा, यंत्राचं एकट्याचं वजन क्लासमध्ये बसत असेल तरच ते मधोमध, सावकाश, वाटेत न थांबता न्यावं. बसत नसेल तर न्यूच नये. कडेनं गेलेली गाडी एका बाजूच्या भिंतींवर जास्त भार टाकते, म्हणून मधोमध. पुलाच्या मध्यावर ब्रेक मारला की पिनांना आडवा हिसका बसतो, म्हणून न थांबता.

जुनं सामान घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पॅनलच्या टोकांची पिनेची भोकं लंबगोल झालीत का, आणि कॉर्ड दोरीला सरळ लागतो का. भोक मिलिमीटरभर वाढलं तरी दहा बेच्या पुलात प्रत्येक जोडाची ढील जमा होऊन मधला भाग दिसण्याइतका झुकतो. पूल उभारल्याच्या दिवशीच खालच्या कॉर्डला सूत ताणून मधला झोल मोजावा आणि एंड पोस्टवर रंगानं लिहून ठेवावा. हा आकडा लिहिलेला नसेल तर पुढच्या माणसाला झोल जुना आहे की वाढलेला, ते कळायला मार्गच नसतो. लडाखच्या कोरड्या हवेत गंज कमी चढतो, पण चेसच्या फळ्या सुकून तडकतात. पोलादी पत्रे टाकले तर तडकण्याचा प्रश्न सुटतो, पण सकाळच्या दहिवरात ते काचेसारखे होतात. वळणाच्या तोंडावरच्या पुलाला आम्ही अजूनही लाकूडच पसंत करतो.

पर्यायांबद्दल थोडक्यात. रणगाड्यांच्या वाटेवर क्लास 70 लागतो आणि तिथं बेलीचा आग्रह धरू नये. कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्सचा दुपदरी मॉड्युलर पूल बेलीच्याच कुळातला आहे. रुंदी साडेसात मीटर, क्लास 70. सिक्कीममध्ये फ्लॅग हिलजवळ 140 फुटांचा असा पूल 2021 साली सुरू झाला. समोरासमोरच्या गाड्या अडत नाहीत, हा त्याचा मोठा फायदा. नग मात्र जड आहेत, क्रेन नसेल तर हात टेकावे लागतात. पुण्याजवळच्या दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेनं केलेला 46 मीटरचा मॉड्युलर पूल फेब्रुवारी 2024 मध्ये लष्करात आला. तो वाहनावरून यंत्रानं टाकला जातो. वेगात त्याला तोड नाही, पण तो सैन्याच्या हालचालीसाठी आहे, गावाचा रस्ता वर्षभर चालवायला नाही. गावासाठी हाताशी उरतो तो बेलीच.

तो किती पटकन होतो याचा अंदाज डोंगराबाहेरच्या दोन कामांवरून येतो. एल्फिन्स्टन रोड, आताच्या प्रभादेवी स्टेशनवर चेंगराचेंगरीनंतर लष्करानं उभारलेला पादचारी पूल फेब्रुवारी 2018 मध्ये खुला झाला, तो याच जातीचा. आणि 2024 मध्ये वायनाडच्या भूस्खलनात चूरलमला इथं मद्रास सॅपर्सनी, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलानं, 190 फुटांचा क्लास 24 चा पूल 31 तासांत टाकला. त्या तुकडीचं नेतृत्व पारनेर तालुक्यातल्या मेजर सीता शेळके यांच्याकडे होतं. सामान साइटवर असलं आणि काठ तयार असला की एवढंच लागतं. हिमालयात लागणारे सहा दिवस किंवा तीन आठवडे बहुतेक ट्रक वर पोचवण्यात आणि काठ घडवण्यात जातात.

दुचाकीवरून लेहला जाणाऱ्यांसाठी शेवटचं. पुलाच्या तोंडाशी थांबा, समोरून कुणी चढलेलं नाही ना ते पाहा. पहिल्या गिअरमध्ये मधल्या फळ्यांवरून सरळ जा. चेसच्या फटीत पुढचं चाक तिरकं घालू नका, ओल्या पत्र्यावर पुढचा ब्रेक दाबू नका. फोटोसाठी पुलावर उभं राहू नका, काठावरून काढा. आणि चालत जाताना पॅनलांच्या जोडात एखादी पिन इतरांपेक्षा दोन बोटं बाहेर आलेली दिसली, तर जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचून घ्या आणि पुढच्या ग्रेफ कॅम्पमध्ये, म्हणजे बीआरओच्या तळावर, सांगा. ती परत बसवायला एक माणूस, एक घण आणि एक सेफ्टी पिन पुरते.